पुराचे दिवस व सूर्याची वीज

इ. स. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा या नद्यांना महापूर आला आणि कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांतील कित्येक गांवांस पाण्यानें वेढलें. रस्ते बुडाले, ठिकठिकाणचा वीजपुरवठा बंद पडला. अशा प्रसंगीं गांवांत किती माणसें अडकलीं आहेत, कोणास औषध हवें आहे, नाव कोणत्या बाजूनें लागेल, एवढी वार्ता बाहेर पोहोंचण्यावर प्राण अवलंबून असतात. मोबाइलचे मनोरे विजेवरच चालतात. वीज गेल्यावर त्यांचा सांठा फार काळ पुरत नाहीं. मग सरकारी परवाना असलेल्या हौशी बिनतारीवाल्यांचें लहानसें यंत्र मोलाचें ठरतें. परंतु त्या यंत्रासहि वीज लागते. ती सूर्यापासून घ्यावी हें आज कोणासहि सुचेल, आणि त्याचें साहित्य बाजारांत मिळतेंहि. प्रश्न उरतो तो एवढाच कीं, सोलर पॅनेल केवढें घ्यावें आणि बॅटरी केवढी?

बहुतेक लोक या प्रश्नास उलट्या टोंकानें हात घालतात. ते आधीं दुकानांत जातात, पॅनेलवरील शंभर वॉटचा आंकडा पाहतात, आणि एवढ्यांत आपलें काम भागेल असें मनाशीं ठरवून मोकळे होतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण संसारास योग्यच आहे. येथें मात्र ती क्षणभर उलट करावी लागते. आधीं पाय मोजावे, मग अंथरूण शिवावें.

मोजण्यापूर्वी दोन शब्दांचा भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. नळाची धार आणि रांजणांतील पाणी या दोन वेगळ्या गोष्टी होत. वॉट ही धार आहे. वॉट-तास हें सांठलेलें पाणी आहे. दहा वॉटचा दिवा पांच तास जळला म्हणजे पन्नास वॉट-तास खर्च झाले. मोबाइलसाठीं मिळणाऱ्या खिशांतील बॅटरीवर वीस हजार मिलिअँपिअर-तास असा भव्य आंकडा छापलेला असतो. परंतु तिच्यांतील घटाचा दाब ३.७ व्होल्ट असल्यामुळें तो सांठा अवघा ७४ वॉट-तासांचा भरतो. सर्व आंकडे वॉट-तासांत आणून मगच तुलना करावी, म्हणजे फसगत होत नाहीं.

आतां एका लहान केंद्राची एका दिवसाची गरज मांडून पाहूं. बारा व्होल्टांचें बिनतारी यंत्र नुसतें ऐकत असतां अर्धा अँपिअर, म्हणजे ६ वॉट घेतें, असें धरूं. अकरा तासांचे ६६ वॉट-तास झाले. बोलतांना तेंच यंत्र ५ अँपिअर, म्हणजे ६० वॉट ओढतें. दिवसभरांत बोलणें एकंदर एक तास झालें तर त्याचे ६० वॉट-तास. लॅपटॉप ४० वॉटनें दोन तास चालला, त्याचे ८०. पांच वॉटचा एलईडी दिवा सहा तास जळला, त्याचे ३०. तीन मोबाइल भरून घ्यावयाचे, त्यांस प्रत्येकीं २० प्रमाणें ६०. बेरीज २९६ आली. ती ३०० धरावी. तारा व दाब बदलणारीं उपकरणें वाटेंत आपला कर घेतात. त्यापोटीं पंधरा टक्के अधिक धरले म्हणजे रोजची मागणी सुमारें ३५० वॉट-तास होते.

आतां रांजण केवढा हवा तें पाहूं. दोन दिवस ऊन मुळींच पडलें नाहीं तरी काम चालावें, अशी अपेक्षा ठेवली तर ७०० वॉट-तास हाताशीं हवेत. परंतु रांजण तळापर्यंत उपसतां येत नाहीं. शिशाची बॅटरी निम्म्याखालीं वारंवार उतरविली तर ती लौकर निकामी होते; म्हणून १४०० वॉट-तासांची, म्हणजे १२ व्होल्टांची सुमारें १२० अँपिअर-तासांची घ्यावी लागते. ती दोघांनीं उचलण्याची वस्तु होय. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटरींतून चार-पंचमांश सांठा निर्धास्तपणें काढतां येतो. १२.८ व्होल्टांच्या ८० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १०२४ वॉट-तास असतात. त्यांतील ८०० च्या वर उपयोगास येतात. तिची किंमत अधिक, पण वजन शिशाच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. नावेंतून किंवा डोक्यावरून न्यावयाच्या सामानांत ही गोष्ट लहान नव्हे.

राहिलें पॅनेल. त्यावरील शंभर वॉटचा आंकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेंतला असतो. दर चौरस मीटरवर १००० वॉट प्रकाश पडत असतां आणि पॅनेलचें तपमान २५ अंश असतां तो मोजलेला असतो. उन्हांत पॅनेल तापतें आणि तापलें म्हणजे कमी वीज देतें. त्यांत धूळ आली, तिरपें ऊन आलें. म्हणून चौथा हिस्सा वजा करावा. मे महिन्यांतील दिवस भर उन्हाच्या सहा तासांइतका धरला तर शंभर वॉटच्या पॅनेलपासून ४५० वॉट-तास मिळतात आणि ३५० ची गरज भागून वर शिल्लक राहते. येथेंच मनुष्य समाधान मानतो, आणि येथेंच चुकतो. पूर मे महिन्यांत येत नाहीं. ज्या दिवशीं या यंत्राची खरी गरज असते, त्याच दिवशीं आभाळ काळेंकुट्ट असतें. त्या दिवसाचें ऊन दीड तासाइतकेंच धरलें तर तेंच पॅनेल ११२ वॉट-तास देतें. म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें. रोज २३८ ची तूट पडली तर वरील बॅटरी साडेतीन दिवसहि पुरत नाहीं.

यास उपाय दोन. एक, शंभर वॉटचीं तीन पॅनेलें न्यावीं. पण मग तीं वाहणार कोण, आणि पाण्यानें वेढलेल्या शाळेच्या गच्चीवर पसरणार कोठें? दुसरा उपाय गरज उणी करण्याचा. लॅपटॉपऐवजीं वही-पेन्सिल घेतली कीं ८० वांचले. यंत्राची शक्ति कमी ठेवून निम्म्या अँपिअरवर बोलणें भागत असेल तर ३० वांचले. मागणी १८६ वर, आणि घट धरून सुमारें २१५ वर आली. आतां एकाच पॅनेलच्या ११२ वॉट-तासांनीं तूट शंभराच्या घरांत राहते, आणि तीच बॅटरी जवळजवळ आठ दिवस तग धरते. खर्च एका पैशाचाहि वाढला नाहीं. मुदत मात्र दुपटीहून अधिक झाली.

गळती शोधतांना आणखी तीन गोष्टी पाहाव्या. घरगुती २३० व्होल्टांसाठीं लावलेला इन्व्हर्टर रिकामा असतांहि ८-१० वॉट खात राहतो. दहा वॉटनें चोवीस तासांत २४० वॉट-तास जातात. म्हणजे सर्व केंद्राच्या गरजेहून अधिक. म्हणून शक्य तीं उपकरणें सरळ १२ व्होल्टांवर चालवावीं. दुसरें, तार जाड व आंखूड असावी. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेनें दहा मीटर अंतरावर ५ अँपिअर नेले, तर जातां-येतां एका व्होल्टाहून अधिक दाब गळतो आणि बॅटरींत वीज असूनहि यंत्र कुरकुरतें. तिसरें, बॅटरी भरण्याचें नियंत्रण करणारी कांहीं उपकरणें खरखर उत्पन्न करतात आणि दूरचा क्षीण आवाज तींत बुडून जातो. ती परीक्षा घरींच करून घ्यावी.

गरज लहान ठेवण्याचें फळ केवढें असतें, याचा दाखला आकाशांतच आहे. १७ मार्च १९५८ रोजीं अमेरिकेनें व्हॅन्गार्ड नांवाचा चिमुकला उपग्रह सोडला. त्यावर दोन प्रेषक होते. नुसत्या बॅटरीवर चालणारा त्याच वर्षीं मुका झाला. दुसरा अवघ्या कांहीं सहस्रांश वॉटचा होता. सूर्यघटांवर तो १९६४ पर्यंत बोलत राहिला.

यास्तव कोणा गांवच्या तरुणांनीं किंवा शाळेनें असें साहित्य जमविण्याचें मनांत आणलें, तर प्रथम एक कोरा कागद घ्यावा. प्रत्येक उपकरणाचे वॉट व तास लिहावे, बेरीज करावी, आणि ती मे महिन्याच्या उन्हाशीं न ताडतां श्रावणांतल्या ढगाळ दिवसाशीं ताडावी. पाय मोजून अंथरूण शिवावें हें खरें. पण अंथरूण खांद्यावरून न्यावयाचें असेल, तर पाय थोडे आंखडून घेण्यांतच शहाणपण आहे.