मोबाइलवरची बँक आणि शिरूर-दौंडचा तरुण



शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील तरुण मोबाइलवरच्या बँकव्यवहाराकडे का वळला, या प्रश्नाला 'नव्या पिढीला नव्याची हौस' असे ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर सोयीचे आहे, पुरेसे नाही. विद्यापीठीय उत्तर थोडे अधिक विचाराचे आहे. माणूस नवे तंत्र स्वीकारतो तो उपयुक्तता आणि सुलभता पाहून, असे फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली मांडले. भोवतालच्या लोकांचा प्रभाव आणि विश्वास यांची भर पुढे इतरांनी घातली. परंतु या साऱ्या विवेचनात व्यक्तीला निवडीचे स्वातंत्र्य आहे, असे गृहीतच धरलेले असते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या तरुणाला ते कितपत होते?

वेतन खात्यात जमा करण्यासाठी कामगाराची लेखी संमती घेण्याची जुनी अट डिसेंबर २०१६ मध्ये वटहुकूमाने काढून टाकण्यात आली. खाते त्याने निवडले नाही. ते नोकरीबरोबर आले. बँकेची शाखा उघडी असते तेव्हा तो पहिल्या पाळीत यंत्रापुढे उभा असतो, किंवा रात्रपाळी करून झोपलेला असतो. रजा टाकली तर दिवसाची मजुरी बुडते. बीड-परभणीकडच्या घरी पैसे धाडायचे तर मोबाइलमुळे त्याचा एक खाडा वाचतो. अभ्यासक जिला 'उपयुक्तता' म्हणतात, तिची किंमत येथे एका दिवसाच्या मजुरीइतकी आहे.

शेतकरी घरातील तरुणाची गोष्ट निराळी. १९१७ साली स्थापन झालेली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि गावची विकास सोसायटी हीच त्याच्या वडिलांची बँक. पीककर्ज तेथूनच. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि १४ नोव्हेंबरला देशातील जिल्हा मध्यवर्ती बँकांना त्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. ग्रामीण सभासदाला त्याच्याच बँकेच्या दारातून परत पाठविणारा हा निर्णय होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आले होते, सप्टेंबरमध्ये जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले होते, ३० डिसेंबरला भीम ॲप आले. जुन्या दाराला कडी लागत असतानाच नवे दार उघडले गेले; तरुण आत गेला यात नवल ते काय? १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यूपीआयवरचे शुल्कही उरले नाही. मग दौंड स्थानकाबाहेरच्या चहावाल्याने संकेतचिन्हाचा कागद टांगला आणि रोख मोजणारा तरुणच वेगळा दिसू लागला. सामाजिक प्रभाव म्हणतात तो हाच.

ऊसतोडीला येणाऱ्या तरुण जोडप्याची उचल मात्र अजूनही मुकादमाच्याच हातून येते. त्यांच्याकडेही मोबाइल असतो. पैशावर हुकूम कोणाचा, हे यंत्र ठरवीत नाही. घरात एकच मोबाइल आणि तो भावाकडे असेल, तर बहिणीचे खातेही नावापुरतेच तिचे.

१४ बँकांचे १९६९ साली राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ठेवीदाराचे रक्षण ही सार्वजनिक जबाबदारी मानली गेली. यूपीआयचे जाळे बँकांच्याच मालकीच्या राष्ट्रीय महामंडळाने विणले हे खरे. परंतु त्यावरील चार-पंचमांशांहून अधिक व्यवहार वॉलमार्ट आणि गूगल यांच्या ॲपांवरून होत आले आहेत. आणि जोखीम? पैसे मिळण्यासाठी पिन लागतच नाही. हे ठाऊक नसलेल्या मुलाला 'पैसे येणार आहेत, पिन टाका' असे सांगून लुबाडले जाते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने त्रयस्थाने परस्पर पैसे काढल्यास, तीन कामाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकाला तोशीस लागू नये असे ठरविले. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले, तक्रारीपूर्वीचे नुकसान त्याच्याच माथी ठेवले. फसवून पिन टाकायला लावलेला मुलगा नेमका या दुसऱ्या वर्गात ढकलला जातो. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी केला तर रक्कम वाटेत अडविता येते. मात्र कारखान्याच्या फाटकावर मोबाइल जमा करून आत गेलेल्या कामगाराला आपण लुबाडले गेलो हे पाळी सुटल्यावरच कळते.