लेखनिक पाहिजेत

(अकादमीच्या इंदूर येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या गावात चिटणीस, फडणीस, पारसनीस ही आडनावं सहज भेटतात. ही मुळात लेखणीची पदं. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. दुसऱ्याचं म्हणणं समजून घेऊन ते कागदावर उतरवायचं, या कामावर आपल्याकडची कितीतरी घराणी जगली. ते काम आता इतिहासजमा झालं, असं आपण समजतो. पण ते चालूच आहे, फक्त जागा बदलली आहे. सरकारी तक्रार केंद्रात कानाला हेडफोन लावून बसलेली कंत्राटी मुलं-मुली आज ते करतात.

अशाच एका केंद्रासाठी हंगामी माणसं निवडण्याचं काम मी काही वर्षं केलं. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती आणि आज मला तीच सांगायची आहे.

आपल्या मध्य प्रदेशात १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन २०१४ साली सुरू झाली. तिथली तक्रार आधी पहिल्या स्तरावरच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि निवारण झालं नाही तर चढत चढत चौथ्या स्तरापर्यंत पोचते. अशा व्यवस्थेत वर जातात त्या टाइप केलेल्या चार ओळी. त्या ओळी नागरिक स्वतः लिहीत नाही. त्याचं ऐकून दुसरंच कुणी लिहितं.

आमच्याकडे एका वृद्ध विधवेचा फोन आला. चार महिने पेन्शन नव्हती. त्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि आयएफएससी कोड बदलला होता. नवं पासबुक मिळालं, पण सरकारी नोंदीत कोड जुनाच राहिला. बाईंनी हे सगळं सांगितलं, पण मालवीत आणि मुलाच्या लग्नापासून सुरुवात करून. आमच्या मुलानं लिहिलं, ‘पेन्शन मिळत नाही.’ विभागाचं उत्तर आलं, ‘पेन्शन मंजूर असून रक्कम पाठवली आहे.’ तक्रार बंद. दोन्ही वाक्यं खरी होती, बाईंचा हात मात्र रिकामाच राहिला.

तिसऱ्यांदा फोन आला तो एका नव्या मुलीनं घेतला. तिनं लिहिलं, ‘पेन्शन मंजूर आहे. रक्कम जुन्या कोडवर जाऊन परत येते. पासबुकातला नवा कोड नोंदवावा.’ काम झालं. पहिल्या मुलाला मीच निवडलं होतं, टायपिंगचा वेग सर्वांत जास्त होता म्हणून.

त्यानंतर मी परीक्षा बदलली. उमेदवारांना चार मिनिटांचं एक विस्कळीत बोलणं एकदाच ऐकवायचं. मग साठ शब्दांत लिहायला सांगायचं: कोण, कुठलं, काय अडलं, केव्हापासून, आणि माणसाला नेमकं हवंय काय. दुसरा प्रश्न नकाराचा. काम होणार नाही, हे कारणासह आणि अपमान न करता लिहा. तिसरा प्रश्न एका ओळीचा: ‘आपका प्रकरण प्रक्रियाधीन है’ हे वाक्य आजीला कळेल असं करा. पदवीधरांची गाडी इथे अडली. बारावी झालेल्या एका दुकानदाराच्या मुलीनं लिहिलं, ‘कागज़ तहसील में है, अभी साहब के दस्तख़त बाक़ी हैं।’ मी तिला घेतलं.

पण चांगली माणसं निवडून भागत नाही, ती टिकावी लागतात. पावसाळ्यात विजेच्या तक्रारी वाढतात, प्रवेशाच्या दिवसांत शिष्यवृत्तीच्या. तेव्हा घाईनं भरती होते, दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, आणि हात बसेपर्यंत मुदत संपते. भरती पंधरा दिवस आधी करावी, नवख्याला जुन्या माणसाशेजारी बसवावं. किती फोन उचलले एवढंच मोजू नये, एकाच माणसाला त्याच कामासाठी किती वेळा फोन करावा लागला हेही मोजावं. आणि पुढच्या हंगामात आधी जुन्यांना बोलवावं. २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झालं. शेतकऱ्याशी बोलणारा शेतीचं शिकलेला हवा, हे तिथे मानलं गेलं. मग तक्रार लिहिणाऱ्याला लिहिता आलं पाहिजे, हे मानायला काय हरकत आहे?

आता आपल्याविषयी. इथल्या मराठी मुलांच्या घरात मराठी असते, गल्लीत मालवी, कचेरीत हिंदी. एका भाषेत ऐकून दुसरीत मांडण्याची सवय त्यांना लहानपणापासून असते. त्या सवयीला आपण कधी गुण मानलं नाही, उलट भाषा बिघडली म्हणून हळहळलो. अकादमी दरवर्षी निबंधस्पर्धा घेते, ती घ्यावीच. तिच्या जोडीला एक ‘ऐका आणि लिहा’ स्पर्धा घ्यावी, अशी माझी विनंती आहे. परीक्षक म्हणून साहित्यिकांबरोबर एखादी पेन्शनर आजीही बसवा. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ‘तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना?’

ती ‘हो’ म्हणाली, तर गुण पूर्ण द्यावेत.