संशयाच्या क्षणी यंत्राने काय करावे?



शरीरात बसवलेल्या यंत्राने रक्तातील वा श्वासातील बिघाड आपण होऊन ओळखावा आणि वैद्याच्या हुकमाची वाट न पाहता लागेल तितकेच औषध सोडावे, या कामी गेली साठ वर्षे जे शास्त्रज्ञ खपत आहेत, त्यांना औषध सोडण्याच्या युक्तीपेक्षाही एका निराळ्याच प्रश्नाने अधिक छळले आहे. आणि तो असा की, यंत्राच्या संवेदकाने दिलेली साक्षच संशयास्पद ठरली म्हणजे त्याने काय करावे. त्या प्रश्नाविषयी आज आपल्याशी बोलण्याचे मी योजिले आहे.

मधुमेहाचेच उदाहरण घेऊ. जानेवारी १९२२ मध्ये टोराँटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले, तेव्हापासून या व्याधीच्या रोग्याचे प्राण वाचू लागले खरे; पण किती खाल्ले, किती श्रम झाले, किती औषध घ्यावे, हा जन्मभराचा जमाखर्च त्याच्या गळ्यात पडला. हा जमाखर्च यंत्राच्या हवाली करण्याची खटपट १९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड कॅडिश यांनी केली. परंतु त्यांचे यंत्र पाठीवर वागवावे लागेल इतके अवजड होते. १९८६ साली रॉबर्ट फिशेल यांच्या कल्पनेतून साकारलेला, पोटाच्या त्वचेखाली राहून बाहेरून दिलेल्या आज्ञा पाळणारा पंप जॉन्स हॉपकिन्स येथे माणसाच्या शरीरात बसवण्यात आला. त्याही पुढे जाऊन फ्रान्समधील माँपेलिए येथे एरिक रनार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयानजीकच्या मोठ्या शिरेत साखर मोजणारा संवेदक ठेवला, त्याची तार त्वचेखालून पोटातील पंपापर्यंत नेली, आणि मोजणी व औषधयोजना ही दोन्ही खाती एकाच देहात एकाच अंमलाखाली आणून पाहिली.

परंतु देह हा परक्या वस्तूला सुखासुखी नांदू देणारा यजमान नव्हे. आत ठेवलेल्या संवेदकाभोवती तो तंतुमय ऊतीचे वेष्टन विणू लागतो, त्यामुळे साखरेची वर्दी क्षीण व विलंबित होत जाते. इकडे इन्सुलिनही पंपाच्या नळीत साकळून तिचे तोंड बंद करू शकते. संवेदक त्वचेत, वरवर बसवला, तर त्याला पेशींमधल्या द्रवातील साखर दिसते आणि ती रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असते. एवढेच काय, रोगी रात्री संवेदक असलेल्या कुशीवर झोपला, तरी त्या दाबाने खालचा द्रव हटतो आणि शरीरात साखर यथास्थित असताना ती घसरल्याची खोटी वर्दी पंपाकडे जाते.

अशा वेळी कोणता मार्ग कमी घातक? एकदा शरीरात गेलेले इन्सुलिन परत काढून घेता येत नाही, आणि ते फाजील झाले तर मेंदूची उपासमार होऊन रोगी बेशुद्ध पडतो. म्हणून संशय आला की हात आखडावा, हाच येथे शहाणपणाचा दंडक. २००९ साली युरोपात आलेल्या एका पंपाला प्रथम हेच शिकवले होते: साखर घसरली आणि रोगी सूचनेला उत्तर देईना, तर औषध थांबव. मात्र थांबण्यालाही दोन तासांची मुदत घातली होती, कारण इन्सुलिन फार वेळ मिळाले नाही तर रक्त आम्लयुक्त होऊन तोही प्राणावरचा प्रसंग ठरतो. देण्याचीही मुखत्यारी मिळालेल्या, अंगावर बाळगावयाच्या यंत्राला अमेरिकी सरकारची मंजुरी २०१६ च्या सप्टेंबरात मिळाली. तरीही जेवणातील पिष्टाचा अंदाज रोग्यानेच यंत्राला कळवावयाचा, ही अट कायम राहिली.

आता याच्या अगदी उलट दाखला पाहा. अफूच्या जातीच्या औषधांचा अतिरेक झाला म्हणजे श्वास मंदावत मंदावत थांबतो, आणि नॅलोक्झोन नावाचा उतारा वेळीच मिळाला तर माणूस वाचतो. परंतु एकट्याने कोसळलेल्याला तो द्यावा कोणी? एम.आय.टी.च्या संशोधकांनी श्वास, नाडी, तापमान व रक्तातील प्राणवायू यांवर पाळत ठेवून हा उतारा स्वतः सोडणारे, त्वचेखाली बसवावयाचे यंत्र डुकरांवर आजमावून २०२४ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्याच्या शरीरात अफूचा अंश नाही त्याला नॅलोक्झोन सहसा अपाय करीत नाही. व्यसनाधीन माणसाला त्याने अकस्मात यातना होतील, पण त्या सोसता येतात. मिनिटांचा विलंब मात्र सोसता येत नाही. म्हणून येथे संशयाचा फायदा औषध देण्याच्या बाजूने पडला पाहिजे.

तेव्हा सर्व यंत्रांना लागू पडेल असा सुरक्षिततेचा एकच कायदा करता येणार नाही. चूक कोणत्या बाजूला व्हावी याचा निवाडा औषधाच्या गुणधर्मावरून, रोग्याच्या प्रकृतीवरून आणि मदत किती दूर आहे यावरून करावा लागतो; तो माणसांनी शांतपणे, आगाऊ आणि लेखी करून ठेवावा लागतो; आणि यंत्राने कोणत्या वर्दीवरून काय केले याचे दप्तर वैद्याला केव्हाही तपासता आले पाहिजे. आपल्यापैकी कोणावर असे यंत्र बसवून घेण्याचा प्रसंग आला, तर ते किती अचूक मोजते एवढ्यावर चौकशी न संपवता, मोजणी चुकते तेव्हा ते औषध चालू ठेवते की बंद करते, किती वेळ, आणि त्याची खबर कोणाला देते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत व त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून संमतीच्या कागदावर सही करू नये.