पचमढीच्या अंधाऱ्या रात्री

आपल्या भागातून कितीतरी जण महादेवाच्या यात्रेला पचमढीला जातात. तिथंच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं 25 दुर्बिणी मांडल्या होत्या. त्या पल्सारही शोधत.

पल्सार म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला, गरगर फिरणारा गाभा. खेकडा तेजोमेघातला पल्सार सेकंदाला सुमारे 30 गिरक्या घेतो. रुग्णवाहिकेच्या फिरत्या दिव्यासारखा त्याचा झोत आपल्यावरून जातो.

त्यातले गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ते हवेवर आदळले, की क्षणभर निळसर प्रकाश चमकतो. दुर्बिणी तो टिपतात, म्हणून अंधारी, निरभ्र रात्र लागते. पण अवकाशातून येणाऱ्या इतर कणांमुळेही तशीच चमक होते, आणि तीच फार जास्त. म्हणून प्रत्येक चमकेची वेळ नोंदवून ताऱ्याच्या गिरकीशी ताडतात. आपल्या बचत गटाच्या वहीसारखंच, एका नोंदीवरून काही कळत नाही.

खूपदा हाती काहीच लागत नाही. तरी ‘प्रकाश एवढ्याहून जास्त नाही’ ही नोंदही कामाची असते. शेवटी 2008 साली स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणीनं खेकड्याची स्पंदनं पकडली. आता लडाखमध्ये हानले इथं भाभा अणुसंशोधन केंद्राची 21 मीटर व्यासाची दुर्बीण उभी आहे. 2024 मध्ये तिचं उद्घाटन झालं.

आणि पहिला पल्सार? 1967 मध्ये तो जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. कागदावरची बारीक खूण तिनं सोडली नाही. तेव्हा लेक भौतिकशास्त्र घेते म्हणाली, तर ‘त्यात काय ठेवलंय’ म्हणू नका. घेऊ द्या.