पिन कुणाला सांगू नका, मदत कुणाची घेऊ नका

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आपला पन्हाळाही आहे. सुट्टीच्या दिवशी गडावर गाड्यांची रीघ लागते. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी पाहून झाली की पाहुण्यांना झुणका-भाकरीची आठवण होते. पावसाळी धुक्यात मोबाइलची रेंज गेली, तर क्यूआर कोड नुसता बघत बसायचा. मग एटीएमची शोधाशोध सुरू होते. त्याच रांगेत गावाकडचे आपले लोकही असतात. कुणी दर दहा दिवसांचं दूध बिल काढायला आलेलं, कुणी लाडकी बहीण योजनेचे दीड हजार न्यायला आलेलं. एक परगावचा आणि घाईत, तर दुसऱ्याला यंत्राची सवय नाही. भामट्याला दोघेही सोयीचे.

यंत्र फोडून पैसे पळवल्याची बातमी मोठी होते. पण सामान्य माणसाला लुटायला यंत्र फोडावं लागत नाही. "मावशी, द्या इकडं, मी काढून देतो," एवढं वाक्य पुरतं. मावशी कार्ड देतात, पिनही सांगतात. पैसे निघतात, मोजून हातात पडतात. परत मिळतं ते कार्ड मात्र दुसऱ्याचंच असतं. त्याच बँकेचं, त्याच रंगाचं. मावशी एसटीत बसेपर्यंत खातं रिकामं होतं. म्हणून कार्ड हातात आलं की त्यावरचं नाव तिथंच वाचा. वाचता येत नसेल, तर कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात, चिप आणि काळी पट्टी सोडून, नखाला लावायच्या रंगाचा ठिपका द्या. आपलं कार्ड लगेच ओळखू येईल. मदत लागलीच तर बँक उघडी असताना जा, आणि आतल्या कर्मचाऱ्याला विचारा.

दुसरा प्रकार यंत्रालाच चिकटवलेला असतो. कार्ड घालायच्या खाचेवर बनावट खाच बसवतात, ती कार्डाच्या पट्टीवरची माहिती टिपते. वर कुठं तरी बारीक कॅमेरा असतो, तो पिन टिपतो. तेव्हा खाच बोटानं हलवून बघा. सैल वाटली तर कार्ड घालू नका. पिन दाबताना दुसरा हात वर आडवा धरा. एवढ्यानं कॅमेरा आंधळा होतो. कधी कार्ड आत अडकतं आणि शेजारी मदतीचा नंबर चिकटवलेला दिसतो. तो नंबर भामट्याचाच असू शकतो. बँकेचा खरा नंबर पासबुकावरून आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

आता कायद्याचं बघू. पैसे गेले तर तोटा कुणाचा? 2017 साली रिझर्व्ह बँकेनं याचा नियम घालून दिला आणि त्याच वर्षी सहकारी बँकांनाही लावला. चूक बँकेची असेल, तर खातेदाराला तोटा नाही. चूक तिसऱ्याचीच असेल आणि व्यवहाराची खबर मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलं, तरीही तोटा तुमचा नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लावले तर काही वाटा तुमच्यावर येतो. पण पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत जेवढं गेलं तेवढं सगळं तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे एका पिनवर सगळा निकाल फिरतो.

बँकेच्या बाजूनं चूक होते का? होते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेत चोर शिरले. 94 कोटी 42 लाख रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून काढली गेली. भारतात ज्या शहरांतून पैसे निघाले, त्यांत आपलं कोल्हापूरही होतं. व्यवहाराची खात्री करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची यंत्रणा उभी केली होती, आणि ती प्रत्येक मागणीला "द्या" म्हणत होती. खातेदारांच्या पैशाला धक्का लागलेला नाही, असं बँकेनं सांगितलं. 2023 साली पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. अशा चोरीपुढं तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही, आणि तो भार आपल्यावर येतही नाही. आपल्या हातात आहे तो पिन.

एक नेहमीची तक्रार. खात्यातून रक्कम वजा झाली, पण नोटा आल्या नाहीत. घाबरू नका. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेनं ती परत जमा करायची असते. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम 2019 चा आहे. पण निघण्याआधी नोटा बाहेर येण्याच्या फटीवर पट्टी चिकटवलेली नाही ना, हे बघा. तुम्ही गेल्यावर ती काढून नोटा नेणारेही असतात.

गडावर येणाऱ्यांसाठी एक सूचना. स्टेट बँकेचं कार्ड स्टेट बँकेच्या एटीएममध्ये वापरून 10 हजार किंवा जास्त काढायचे असतील, तर मोबाइलवर ओटीपी येतो. रेंज नसेल तर तो येणार नाही. मोठी रक्कम कोल्हापुरातच काढून घ्या.

आणि व्हॉट्सअॅपवरचे दोन निरोप विसरून जा. पिन उलटा दाबला की पोलीस येतात, हे खोटं आहे. रद्दचं बटण दोनदा दाबलं की पिन चोरता येत नाही, हेही खोटं.

पैसे गेल्याचं कळताच आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा. मग 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आज रात्रीच समजावून सांगा, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये 1930 हा नंबर स्वतःच्या हातानं घालून द्या.