बेणे घरचे, बियाणे कोणाचे?

(वसमत येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



वसमतच्या मोंढ्यात हळदीचे ढीग पाहत वाढलेल्या माणसाला बेणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. काढणीच्या वेळी निरोगी जेठे गड्डे निवडायचे, सावलीत राखायचे आणि पुढच्या हंगामात तेच लावायचे. हळदीच्या बहुतेक वाणांत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी सहसा धरत नाही. जेठ्या गड्ड्यातील डीएनए जवळपास जसाच्या तसा नव्या पिकात उतरतो. त्याच शेताच्या पलीकडच्या तुकड्यात कापूस असतो. त्याचे बियाणे मात्र दरवर्षी मृगाच्या तोंडावर दुकानातून पाकिटात येते. आधुनिक जनुकशास्त्राचा सगळा वाद या एका बांधाच्या दोन बाजूंना उभा आहे.

डीएनए ही सजीवांची लिपी होय. तिची अक्षरे चारच. पण जीवाणू, कपाशी आणि माणूस या सर्वांची लिपी एक. म्हणूनच एकाचे वाक्य दुसऱ्याच्या पेशीला वाचता येते. इन्सुलिनचे मानवी जनुक जीवाणूत बसवून तयार केलेले औषध १९८२ साली बाजारात आले. त्यापूर्वी हे औषध डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. आज घरोघरी मधुमेही इन्सुलिन टोचून घेतात, तेव्हा ते जनुकीय तंत्राचे देणे आहे याची आठवण क्वचितच कोणाला होते. तंत्रज्ञान सरसकट नाकारणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

कपाशीत हेच घडले. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचे एक जनुक कपाशीत घातले गेले. त्यापासून तयार होणारे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तेथील विशिष्ट ग्राहींना चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि आपल्या आतड्यात ते ग्राहीही नसतात. अमेरिकेच्या मोन्सँटोचे हे तंत्र जालन्याच्या महिकोने भारतात आणले आणि २६ मार्च २००२ रोजी त्याच्या तीन संकरित वाणांना केंद्राची मंजुरी मिळाली. २००२-०३ मध्ये देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस पिकला होता; २०१३-१४ मध्ये तो आकडा ४०० लाखांच्या जवळ पोहोचला. या वाढीत सिंचन, खते, वाढलेले क्षेत्र आणि चांगला पाऊस यांचाही वाटा होता. पण हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत घटल्या, हे मान्य करावेच लागेल.

मग बिघडले कुठे? नियम होता की बीटी कपाशीच्या भोवती बिगर बीटी कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी लागवड करावी. तेथे वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती पसरण्यास वेळ लागेल, हा त्यामागचा विचार. पाकिटासोबत वेगळी छोटी पुडी येई. बहुतेकांनी ती लावलीच नाही. अळीसाठी रान सोडायचे, ही गोष्ट कर्जात बुडालेल्या माणसाला पटावी कशी? ती पटवून सांगण्याचे कष्ट ना विक्रेत्यांनी पुरेसे घेतले, ना सरकारी यंत्रणेने. त्यात फरदड. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. डिसेंबरनंतरही पीक उभे राहिले की तिला पुढच्या पिढ्यांची सोय आयती मिळते. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, पण गुलाबी अळी पुढे त्यालाही पुरून उरली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी कमी करण्याच्या आश्वासनावर आलेल्या पिकाची ही गत झाली!

पैशाची बाजू वेगळी. प्रारंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत आणि त्यात तंत्रज्ञानाच्या शुल्काचा वाटा मोठा होता. २००६ मध्ये राज्य सरकारांच्या दबावानंतर किंमत उतरली. २०१५ च्या अखेरीस केंद्राने ती आपल्या नियंत्रणात घेतली. भारतात बीटी कपाशी मुख्यतः संकरित वाणांतच आली. संकरित पिकाचे बी पुढच्या वर्षी तसेच्या तसे गुण देत नाही, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाची पायरी चढावीच लागते. ‘नांदेड ४४’ वाढवणाऱ्या पिढीलाही हे ठाऊक होते. पण ते बियाणे आपल्या विद्यापीठाचे होते.

आता तणनाशक-सहनशील कपाशीचे चोरटे बियाणे फिरते. खुरपणीला मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रहही केला. पण ज्या पाकिटाची पावती नाही, त्याची उगवण झाली नाही तर दाद कोणाकडे मागणार?

नव्या जनुक-संपादनात परके जनुक न घालता पिकाच्या स्वतःच्या डीएनएतील अक्षर बदलता येते. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने असे भाताचे दोन वाण जाहीर केले. काम आपल्या शास्त्रज्ञांचे. मूळ कात्रीचे महत्त्वाचे पेटंट मात्र परदेशी संस्थांकडे. हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवले. आजीबाईच्या बटव्याचा लेखी पुरावा होता, म्हणून ते साधले. उद्या एखाद्याने प्रयोगशाळेत बदललेल्या जनुकावर हक्क सांगितला, तर जुनी पोथी कामास येणार नाही. तेथे आपलेच संशोधन लागेल.

त्याची सुरुवात जवळच झाली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने नांदेडच्या केंद्रात बीटी कपाशीचे सरळ वाण विकसित केले आहेत. त्यांचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते. गुलाबी अळीपुढे मात्र तेही एकटे टिकणार नाहीत. कामगंध सापळे लावणे आणि वेळेवर कपाशी उपटून रान मोकळे करणे हे चुकणार नाही. वसमतमध्ये हळद संशोधन केंद्र उभे राहिले आहे, २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळदीच्या पुडीत दुसऱ्या रानटी जातीची भेसळ आहे का, हे डीएनए चाचणीने ओळखता येते. मानांकनाच्या नावाखाली भलताच माल विकणाऱ्याला मोंढ्यातच पकडायचे असेल, तर त्या केंद्राकडे पहिली मागणी या चाचणीची करावी.