एरोजेल : रंध्रांचे आणि आचेचे शास्त्र

(विज्ञानशिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानावरून)



माठातले पाणी थंड राहते, ते माठाच्या अंगातील सूक्ष्म रंध्रांमुळे. कच्चे मडके पाण्यात विरते. उलट आच फार झाली तर रंध्रे मिटतात आणि माठ पाझरेनासा होतो. आच कोठे थांबवावी, हे कुंभाराचे कसब. सिलिका एरोजेल या पदार्थाच्या बाबतीत शास्त्रज्ञांपुढेही हाच प्रश्न असतो.

सिलिका म्हणजे वाळूतील मुख्य द्रव्य. १९३१ साली अमेरिकेतील सॅम्युएल किस्लर यांनी जेलीसारख्या सिलिकेतील द्रव तिचा सांगाडा कोसळू न देता काढून घेतला व त्याच्या जागी हवा आणली. हाच एरोजेल. हलक्या एरोजेलमध्ये शेकडा नव्वदहून अधिक भाग हवेचा असतो. त्यातील बहुतेक रंध्रे २ ते ५० नॅनोमीटर रुंदीची असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या रंध्रांमुळे तो उष्णता उत्तम अडवितो. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या ‘सोजर्नर’ या फिरत्या यानात त्याचा तसा उपयोग झाला. परंतु तो अतिशय ठिसूळ असतो. साध्या एरोजेलमध्ये पाणी शिरले, तर पृष्ठताणाच्या ओढीने तो तडकतो.

त्यास बळकटी आणण्याचा एक उपाय म्हणजे तापपिंडन, अर्थात पदार्थ वितळू न देता तापवून त्याचे कण सांधणे. आरंभी उरलेली सेंद्रिय द्रव्ये जळून जातात आणि रंध्रांच्या भिंतींवरून पाण्याचा अंश निघून जातो. पुढे सुमारे ९०० ते १,१०० अंश सेल्सिअसच्या टापूत सिलिका किंचित मऊ होऊन अत्यंत मंदपणे वाहू लागते. पृष्ठभाग कमी करण्याकडे तिची स्वाभाविक प्रवृत्ती असते. लहान रंध्राच्या भिंतीची वक्रता अधिक, म्हणून तेथे ही ओढही अधिक. परिणामी लहान रंध्रे आधी मिटतात, मोठी मागाहून. वस्तू आकसते, घनता वाढते आणि अखेरीस दर घन सेंटिमीटरला सुमारे २.२ ग्रॅम घनतेची स्वच्छ काच उरते. एरवी सिलिका वितळविण्यास १,७०० अंशांहून अधिक उष्णता लागते. मात्र आच घाईने वाढविली, तर बाहेर जाण्याच्या वाटा आधीच बंद होतात आणि आत कोंडलेल्या वाफेने वस्तू फुगते.

तापपिंडन मध्येच थांबविले, तर लहान रंध्रे गेलेली, मोठी शाबूत आणि सांगाडा मजबूत, अशी अवस्था लाभते. आता त्यात द्रव शिरला तरी तो तडकत नाही. फ्रान्समधील मोंपेलिए येथील संशोधकांनी याच गुणाचा विचार अणुकचऱ्यासाठी केला. अर्धवट तापविलेल्या एरोजेलमध्ये किरणोत्सर्गी क्षारांचे द्रावण मुरवावयाचे, ते वाळवावयाचे आणि मग पूर्ण आच देऊन ते क्षार काचेत कायमचे बंदिस्त करावयाचे, अशी ती कल्पना. येथे आचेचा अंदाज चुकून चालणार नाही. रंध्रे आधीच मिटली तर द्रावण आत जाणार नाही. शेवटी उघडी राहिली तर भूगर्भातील पाणी त्या क्षारांपर्यंत पोहोचेल.

आपल्या राज्यातही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात एरोजेलवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. शिक्षकबंधुभगिनींनी हा विषय वर्गात मांडताना एक माठ आणि एक काचेची बाटली समोर ठेवावी. रंध्रे उघडी राहिल्याने काय साधते आणि मिटल्याने काय साधते, हे मुलांच्या सहज ध्यानी येईल.